शिडाच्या बोटीने उआत बेटावर : गोव्यातून जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, किबरोंच्या उपसागराच्या तोंडाशी उआत नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याची लांबी सुमारे पाच किलोमीटर, रुंदी दीड किलोमीटरच्या आत आणि बारमाही वस्ती अडीचशेच्या आसपास आहे. किबरोंहून प्रवासी बोटी तिथे नियमित ये-जा करतात, त्यामुळे नुसते बेट पाहायचे असेल तर तिकीट काढून तासाभरात पोहोचता येते. परंतु मांडवीच्या पात्रात किंवा दोनापावलाच्या उपसागरात ज्यांनी शीड हाताळायला शिकून घेतले आहे, आणि आता परक्या समुद्रात स्वतः सुकाणू धरून एखाद्या बेटापाशी नांगर टाकावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी पहिल्या प्रयत्नासाठी उआतच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. अंतर थोडे आहे, बहुतेक वाट उघड्या उपसागरातून जाते आणि वाळूचा तळ नांगर चांगला धरतो. अवघड भाग आहे तो रात्रीचा. म्हणून या सहलीची आखणी करताना रात्रीचा वारा आणि रात्रीची ओहोटी आधी पाहावी आणि दिवसाचे वेळापत्रक त्यानंतर बसवावे. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

ऋतूच्या बाबतीत गोवेकरांची सोय आपोआप होते. आपल्याकडे जून उजाडला की शिडाच्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीही बंद असते आणि आग्वादच्या तोंडाशी लाटा फुटू लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत ब्रिटनीचा हंगाम भरात असतो. त्यातही जून आणि सप्टेंबर हे महिने मला अधिक पसंत आहेत, कारण जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच कुटुंबांच्या सुट्ट्या असतात आणि बेटाच्या आडोशाच्या जागा बोटींनी भरून जातात. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडात जागा शोधायला भरपूर वेळ मिळतो. पाणी मात्र भर उन्हाळ्यातही थंडच असते. आपल्या समुद्राच्या सवयीने पातळ कपड्यांवर गेलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी कुडकुडतो, म्हणून लोकरीचा एक थर, वारा अडवणारे जाकीट आणि टोपी जवळ असलीच पाहिजे.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून जलद गाडीने व्हान किंवा ओरे येथे साधारण अडीच-तीन तासांत पोहोचता येते; पुढे किबरोंला उन्हाळ्यात छोटी रेल्वे आणि एरवी बस असते. भारतीय पारपत्र असलेल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. गोव्यातील ज्या अनेक घरांत पोर्तुगीज पारपत्र आहे त्यांना तो लागत नाही. फ्रान्समध्ये शिडाची बोट चालवण्यासाठी सरकारी परवान्याची सक्ती नाही, ती सहा अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाच्या बोटींना आहे. तथापि बोट भाड्याने देणारे आपला अनुभव लेखी मागतात आणि मोठी अनामत घेतात. तेव्हा कोणत्या बोटीवर, कोणत्या पाण्यात, कोणत्या जबाबदारीने काम केले याची प्रामाणिक नोंद आधीच तयार ठेवावी. ज्यांचा अनुभव नदीपुरता आहे त्यांनी सरळ बोट भाड्याने घेण्याऐवजी आधी तिथल्या एखाद्या शिक्षणसंस्थेत आठवडाभर काढावा. १९४७ मध्ये सुरू झालेली ग्लेनां ही संस्था त्यांत सर्वांत नावाजलेली आहे आणि तिचा एक तळ मोर्बियांच्या आखातातील आर्झ बेटावर, म्हणजे उआतच्या जवळच आहे.

निघण्याचे बंदर निवडताना मोर्बियांच्या आखाताच्या आतील बंदरे पहिल्या खेपेस टाळावीत, कारण आखाताच्या अरुंद तोंडातून भरती-ओहोटीचा प्रवाह इतक्या वेगाने वाहतो की शिडाची बोट त्याच्याविरुद्ध जाऊच शकत नाही. आखाताच्या तोंडाबाहेरचे ल क्रुएस्ती, किबरों द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूचे पोर आलिगेन आणि ला त्रिनिते-स्यूर-मेर ही तीन बंदरे सोयीची आहेत. आलिगेनहून उआत सुमारे आठ सागरी मैल, क्रुएस्तीहून सुमारे नऊ आणि त्रिनितेहून त्याहून थोडे अधिक आहे. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या, साध्या चालीने हा दोन-अडीच तासांचा पल्ला होतो.

आता पाण्याच्या चढउताराकडे वळू, कारण गोवेकराची सवय इथे सर्वांत जास्त दगा देते. मुरगावला उधाणाच्या दिवसांतही भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक असतो. उआतला तोच फरक उधाणाला साडेचार मीटरच्या आसपास आणि भांगाच्या, म्हणजे सौम्य भरतीच्या, दिवसांत दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे तिथली भांगाची भरतीही आपल्याकडच्या जोरदार भरतीएवढी असते. फ्रेंच लोक प्रत्येक भरतीला २० ते १२० यांच्यामधला एक गुणांक देतात. सरासरी उधाणाचा गुणांक ९५ आणि सरासरी भांगाचा ४५ असतो. बंदराच्या कचेरीत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत तो रोजच्या वेळांशेजारी छापलेला असतो. पहिली भेट ६० च्या खालच्या गुणांकाच्या दिवसांत ठरवावी. उन्हाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे केलेले असते, तेव्हा पुस्तिकेतल्या वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत की त्यांत एक तास मिळवायचा आहे, हे पहिल्या पानावर पाहून घ्यावे. एका तासाच्या चुकीने सारा हिशेब कोलमडतो.

पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी हलते. साडेचार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दर तासाला मीटरभराहून अधिक पाणी निघून जाते. समजा आपण भरतीच्या माथ्यावर पोहोचलो, खोलीमापकाने सहा मीटर दाखवले आणि तेवढे पुरेसे वाटून नांगर टाकला. ओहोटीच्या शेवटी तिथे दीड मीटर पाणी उरेल, आणि बोटीची कील, म्हणजे तळाचा खाली गेलेला कणा, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर खोल जात असेल तर बोट वाळूत बसेल. याच्या उलट, ओहोटीच्या तळाशी तीन मीटर पाण्यात नांगर टाकून त्या खोलीच्या हिशेबाने साखळी सोडली, तर भरतीला खोली साडेसात मीटर होते, तिच्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची मीटरभर उंची मिळवली की साडेआठ. शांत हवेत त्याच्या तिप्पट, म्हणजे पंचवीस मीटरहून थोडी अधिक, आणि रात्री वाऱ्याची शक्यता असल्यास पाचपट, म्हणजे चाळीस मीटरहून अधिक साखळी बाहेर असायला हवी. हा हिशेब नांगर टाकण्याआधी कागदावर मांडावा. खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की कीलच्या टोकापासून, आणि साखळी एकूण किती मीटर आहे, हे दोन प्रश्न बोट ताब्यात घेतानाच विचारून घ्यावेत.

या सर्वांचा सराव गोव्यातच करता येतो. ऑक्टोबर ते मे या काळात बोगमाळोसमोरच्या ग्रांदे बेटाच्या आडोशाला किंवा काबोच्या टोकाजवळ नांगर टाकावा, किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून बोट सरकते का ते पाहावे, आणि तो नांगर शिडावर, इंजिनाशिवाय उचलून पाहावा. भरती लहान असली तरी हाताची सवय तीच लागते. आपल्या भूमीवर या विद्येची उणीव नाही: दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती शिडाची बोट ‘म्हादेई’ दिवाडीला बांधलेली होती, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या महिला अधिकारी ज्या ‘तारिणी’वरून गोव्यातून जगाला वळसा घालून आल्या तीही तिथलीच.

प्रत्यक्ष प्रवासाची वाट सोपी असली तरी नकाशाविना जाऊ नये. किबरोंच्या टोकापासून उआत, तिथून एदिक बेट आणि त्यापलीकडच्या कार्दिनो खडकांपर्यंत खडकांची एक लांब रांग पसरलेली आहे आणि तिच्यात तीनच ठळक वाटा आहेत: किबरोंच्या बाजूची तेन्यूज, उआतच्या वायव्येची बेनिगे आणि उआत-एदिक यांच्यामधली सर. उपसागरातून बेटाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला जाणाऱ्याला यांपैकी एकही ओलांडावी लागत नाही, म्हणून पहिल्या खेपेस बेटाच्या पलीकडे वळसा घालण्याचा मोह आवरावा. २० नोव्हेंबर १७५९ रोजी पश्चिमेच्या वादळात फ्रेंच दर्यासारंग कोंफ्लां आपला काफिला या खडकांच्या आत घेऊन आला तो इंग्रज मागे येणार नाहीत या भरवशावर. इंग्रज दर्यासारंग हॉक मात्र मागोमाग आत शिरला आणि त्या संध्याकाळी नि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची जहाजे या भागातल्या उथळ जागांवर फुटली. वाटाड्या नसताना उथळ पाण्यात शिरण्याची किंमत तेव्हा दोन्ही आरमारांनी मोजली. आज फ्रेंच जलसर्वेक्षण संस्थेचे, म्हणजे शॉमचे, तपशीलवार नकाशे मिळतात आणि ते बोटीवर असावेतच. बोयांची पद्धत आपल्यासारखीच आहे, म्हणजे बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला. धोक्याच्या कोणत्या बाजूने जावे हे दाखवणाऱ्या पिवळ्या-काळ्या दिशादर्शक बोयांचे चारही प्रकार मात्र पाठ असावेत, कारण गोव्यात त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही. बेटाजवळ खेकडे आणि शेवंडांच्या पिंजऱ्यांचे तरंगते गोळे असतात. त्यांच्या दोऱ्या इंजिनाच्या पंख्यात अडकतात, म्हणून काळोखात इंजिनावर तिथे पोहोचू नये.

बेटावर थांबण्याच्या जागा मुख्यतः दोन. उत्तर किनाऱ्यावर पोर सें-जिल्दा हे बांधाआडचे छोटे बंदर आहे. तिथे मच्छीमारांच्या आणि प्रवासी बोटींच्या हालचालीला पहिला मान आहे आणि पाहुण्या बोटींसाठी जागा थोडी असते. दुसरी जागा म्हणजे बेटाच्या पूर्व टोकाला असलेला त्रेआख एर गुरेद हा लांबलचक वाळूचा किनारा. पश्चिमेचा आणि नैऋत्येचा वारा असताना तिथले पाणी तळ्यासारखे शांत असते, उतार हळूहळू आहे आणि तळ स्वच्छ वाळूचा आहे. दुपारी बोटी तिथे भराभर जमतात आणि नवखा माणूस साहजिकच ठरवतो की रात्र इथेच काढावी.

चूक होते ती इथेच. दक्षिण ब्रिटनीत उन्हाळ्यात हवा स्वच्छ आणि दाब चढा असताना दिवसा समुद्रावरून पश्चिमेकडचा वारा वाहतो, संध्याकाळी तो पडतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास जमिनीकडून ईशान्येचा वारा उठतो. तिथले लोक त्याला व्हाँ सोलेर म्हणतात. आपल्या मतलई वाऱ्याशी त्याचे नाते असले तरी आपला मतलई पहाटे हलकेच येतो, तर हा काही रात्री वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापाच्या पाच-सहा बळापर्यंत चढतो आणि सकाळी उन्हाबरोबर ओसरतो. त्रेआख एर गुरेद ईशान्येला आणि पूर्वेला उघडा आहे. रात्री अकरा वाजता आरशासारख्या पाण्यावर झोपी गेलेली बोट एक वाजता उपसागराच्या पूर्ण रुंदीवरून आलेल्या आखूड, उभ्या लाटांवर आपटू लागते आणि किनारा, जो संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूला होता, तो आता पाठीमागे, वाऱ्याच्या खाली येतो. नांगर सरकला तर बोट थेट वाळूवर जाते. शिवाय उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर मोठी ओहोटी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारासच येते, म्हणजे वारा उठतो तेव्हा कीलखाली पाणीही सर्वांत कमी असते. शेजारच्या वीस-तीस बोटी एकाच वेळी नांगर उचलू लागलेल्या असतात. त्या गर्दीत, काळोखात, परक्या बोटीवर साखळी ओढण्याची वेळ कोणावर येऊ नये.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. संध्याकाळी सहाच्या आत हवामानाचा अंदाज पाहावा. किनाऱ्यापुरते अंदाज मेतेओ-फ्रान्स देते आणि एतेलचे सागरी बचाव केंद्र, क्रॉस एतेल, ते बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकावर आधी सूचना देऊन दुसऱ्या क्रमांकावर वाचून दाखवते. वाचन फ्रेंचमध्ये असते, तेव्हा नॉर-एस्त म्हणजे ईशान्य, राफाल म्हणजे झोत, ऊल म्हणजे दूरवरून आलेली लाट आणि ब्र्यूम म्हणजे धुके, एवढे शब्द कानाला ओळखीचे असावेत. आकाश निरभ्र असून रात्रीच्या अंदाजात उत्तर ते पूर्व यांमधली कोणतीही दिशा असेल तर गुरेदवर रात्र काढू नये. अटलांटिककडून मोठी लाट येत नसेल आणि उजेड असेल तर अनुभवी लोक दक्षिण बाजूच्या वाळूच्या खाड्यांत जातात. पहिल्या भेटीत मात्र सूर्य वर असतानाच आलिगेनला किंवा क्रुएस्तीला परतावे, दोन्ही बंदरांत ओहोटीलाही शिरता येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. दोन तासांच्या वाटेसाठी रात्रीची झोप पणाला लावण्यात काही अर्थ नाही, आणि बेट दोन दिवसांत दोनदा पाहण्यात उलट आनंदच आहे. वारा पश्चिमेचाच राहणार असा स्पष्ट अंदाज असेल तेव्हा गुरेदवर खुशाल थांबावे, पण अशा वेळीही साखळी भरतीच्या हिशेबाने सोडलेली असावी, नांगर इंजिन मागे चालवून घट्ट बसवलेला असावा, आणि बाहेर पडण्याची दिशा उजेडातच होकायंत्रावर पाहून कागदावर लिहून ठेवलेली असावी.

नांगर टाकताना तळाकडे लक्ष द्यावे. पाण्यात गडद हिरवे पट्टे दिसतात ती समुद्री गवताची कुरणे असतात. नांगराने ती उपटली जातात आणि पुन्हा वाढायला फार काळ घेतात. उआत आणि एदिकचा परिसर युरोपच्या संरक्षित नातुरा २००० जाळ्यात आहे. नांगर फिकट दिसणाऱ्या वाळूवरच टाकावा. किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या पट्ट्यात पाच नॉटहून अधिक वेग चालत नाही आणि पिवळ्या बोयांनी आखलेल्या पोहण्याच्या जागेत बोट नेऊ नये.

किनाऱ्यावर डिंगीने, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीने, उतरताना पुन्हा तीच भरती-ओहोटी आडवी येते. पाणी चढत असताना डिंगी पाण्याच्या कडेला ठेवून गावात गेलात तर परत येईपर्यंत ती तरंगत दूर गेलेली असेल. पाणी उतरत असताना ठेवली तर ती कोरड्या वाळूवर पन्नास-शंभर पावले मागे राहिलेली असेल आणि इंजिनासह ओढावी लागेल. आदल्या भरतीने वाळूवर शेवाळाची एक काळपट रेघ सोडलेली असते. डिंगी त्या रेघेच्या वर न्यावी, लांब दोरीने छोटा नांगर त्याहूनही वर रोवावा आणि परतण्याची वेळ शक्यतो चढत्या पाण्याची धरावी.

बेटावर पाहुण्यांनी पायीच फिरायचे. वाळूच्या टेकड्यांवरच्या आखलेल्या पायवाटा सोडू नयेत, कारण तिथे समुद्री लिलीसारख्या संरक्षित वनस्पती वाढतात आणि गवत तुडवले गेले की वारा वाळू उडवून नेतो. गावात पांढऱ्या भिंतींची बुटकी घरे, एक बेकरी, वाणसामानाचे दुकान आणि सेंट गिल्डासचे चर्च आहे. सहाव्या शतकात ब्रिटनमधून आलेला हा संन्यासी इथे राहिला अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ बेटाचा कारभार धर्मगुरूच पाहत असत, १८९१ मध्ये तिथे स्वतंत्र नगरपालिका झाली. चर्चच्या भोवती गुंफलेले गावाचे जगणे गोवेकराला लगेच ओळखीचे वाटते. दुकानात शिरताना आधी बोंझूर म्हणावे आणि मग काय हवे ते विचारावे; हा शिष्टाचार तिथे फार पाळला जातो. पाणी आणि शिधा मुख्य भूमीवरूनच भरून न्यावा, बेटाच्या मर्यादित साठ्यावर भार टाकू नये, आणि स्वतःचा कचरा परत आणावा. वाटेत मागे गळ सोडल्यास उन्हाळ्यात बांगडा लागतो, आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद. किती आणि केवढे मासे धरता येतात याचे नियम बंदराच्या कचेरीत विचारूनच गळ टाकावा.

संकटाच्या वेळी व्हीएचएफचा १६ क्रमांक किंवा भ्रमणध्वनीवरून १९६ हा क्रमांक क्रॉस केंद्राला जोडतो. तारवावरच्या प्रत्येकाला रेडिओ लावून आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगता आली पाहिजे. इंग्रजी तिथे समजून घेतली जाते, पण आकडे सावकाश आणि एकेक सुटा उच्चारावा.

परतीचा हिशेब विमानापासून उलटा मांडावा. बोट परत करण्याचा दिवस आणि पॅरिसहून उड्डाणाचा दिवस यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. दक्षिण ब्रिटनीत नैऋत्येचे वादळी हवामान जूनमध्येही येते आणि बळ सात किंवा त्याहून अधिक वाऱ्याचा खास इशारा लागला की भाड्याची बोट बंदरातून काढू नये. बोट परत करण्याच्या आदल्या संध्याकाळीच तिच्या बंदरात येऊन राहावे, इंधन भरून घ्यावे आणि साखळी, डिंगी, शिडे यांची पाहणी मालकाच्या माणसाबरोबर दिवसाउजेडी करावी, म्हणजे अनामतीवरून वाद उरत नाही आणि ओरेहून सकाळची गाडी निवांतपणे गाठता येते.